समुद्राकडं पाठ करून उभं राहू नका

समुद्राकडं पाठ करून उभं राहू नका. मला लिहायचं आहे ते एवढंच. पण अंकवाली पोरं म्हणाली, "नाना, एका ओळीचा लेख छापता येत नाही, सविस्तर लिहा." म्हणून लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही गुरुजींच्या म्हशीला चारा टाकण्यात गेली. ऱ्हस्व-दीर्घ पोरांनी बघून घ्यावं. मजकुराला हात लावू नये.

मी नाशिकचा. टूरच्या बसवर ड्रायव्हर होतो. मालक बदलले, गाड्या बदलल्या, रस्ता तोच राहिला. त्र्यंबकवरून मोखाडा, जव्हार, मग घाट उतरला की खाली समुद्र. लासलगाव, विंचूर, निफाडकडची माणसं गाडीत भरायची आणि डहाणू-पालघरच्या बाजूला पाण्याशी नेऊन सोडायची. लोकांना वाटतं ड्रायव्हरचं काम तिथं संपलं, आता तो सीटवर पाय पसरून झोपणार. इतर ड्रायव्हर झोपायचेही. मला झोप लागायची नाही. नेलेली माणसं परत आणायची असतात, आणि समुद्रावर गेल्यावर आमच्याकडच्या माणसाचं डोकं जागेवर राहत नाही.

गाडीवर स्वयंपाकाला माझी बायको होती. हौसा. गेल्या पोळ्याच्या सुमाराला ती वारली. पोटात गाठ होती, कळलं तेव्हा उशीर झालेला. त्यावर मी जास्त लिहिणार नाही. एवढंच की तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. घरात बसलो की ओट्यावर येतो, ओट्यावरून गंगेवर जातो, गंगेवर कोणी म्हणालं "नाना, बसा," की मी "आलोच" म्हणून चालू लागतो. हे लिहितानाही सारखा उठतोय. तेव्हा मजकूर तुटक वाटला तर माफी असावी.

आता धंदा सांगतो.

नाशिकच्या माणसाला पाण्याचं भ्या नसतं, आणि तेच वाईट आहे. लहानपणापासून गंगेवर जायचं. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. कुंडात उतरायचं, साखळी धरायची, सूर्याकडं तोंड करायचं, नाक दाबायचं, डोळे मिटायचे, बुडी मारायची. आईनं शिकवलेलं, तिला तिच्या आईनं. हीच माणसं समुद्रावर येतात आणि तेच करतात. आता विचार करा. आपल्या किनाऱ्यावर सूर्य सकाळी उगवतो तो गावाच्या बाजूनं. त्याच्याकडं तोंड केलं की समुद्र आला पाठीला. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठावर मंत्र. आणि लाट काही कुंडातलं पाणी नाही. ती मागून येते आणि गुडघ्याच्या मागं फटका देते. माणूस उभ्याचा आडवा.

लासलगावचे एक अडतदार होते, आबाशेठ म्हणू. कांद्याच्या लिलावात त्यांनी नुसती मान हलवली तरी ट्रॅक्टरवाले गप्प व्हायचे. शेठ कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सूर्याला अर्घ्य देत होते. मागून लाट आली. शेठ पाण्याखाली गेले, वर आले, पण वर आले ते बिनदातांचे. कवळी समुद्रानं ठेवून घेतली. सगळी गाडी ती कवळी शोधत होती. हौसानं त्यांना दोन दिवस भाताची पेज दिली.

पुढच्या वर्षी शेठ पुन्हा आले. या वेळी कांद्याच्या गोण्या बांधायचा दोर घेऊन आले. एक टोक कमरेला आणि दुसरं टोक माझ्या बसच्या बंपरला!

हौसा म्हणाली, "शेठ, गाडी निघाली तर वो?"

"निघाली तर पळंन मागं," शेठ म्हणाले. "कवळी दिली, आता मी नाय जायचा."

त्यांच्या सुना तोंडाला पदर लावून हसत होत्या. हौसा मला म्हणाली, "हसू नका. गाडीभर माणसांत यालाच पाणी कळलंय." आणि खरंच, शेठचं बघून दुपारी आणखी लोक दोर मागायला लागले. दावणीला गुरं बांधावी तशी बसच्या बंपरला माणसं बांधली होती.

समुद्राकडं पाठ करणं ही पहिली चूक झाली. दुसरी चूक जास्त वाईट, कारण ती हुशारीतून होते.

आपण नदीची माणसं. नदीत जिथं पाणी फेसाळतं, खळखळतं, तिथं खडक, तिथं धोका. जिथं पाणी गुळगुळीत, शांत, तिथं उतरायचं. समुद्रावर हे उलटं धरायचं असतं, हे आम्हाला कोण सांगणार? लाटा फुटत असतात तिथं खाली वाळू उथळ असते, पाय टेकतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधेच एक पट्टा शांत, तिथं जायचं नाही. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी त्या पट्ट्यातून परत जात असतं. खाडीच्या तोंडाशी तर कधीच नाही. खाडी दिसते अगदी आपल्या गंगेसारखी. दोन काठ, मधे संथ पाणी. ओहोटी लागली की खाडीतलं सगळं पाणी समुद्राकडं धावतं आणि वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

अंबडच्या एका कारखान्यातली पोरं घेऊन गेलो होतो. त्यात एक किरण नावाचा. धरणात पोहून तयार झालेला, अंग असं की शर्टाची बटणं लागायची नाहीत. तो बरोबर खाडीच्या तोंडाशी गेला. म्हणाला, "ड्रायव्हरकाका, इथं लाटाच नाहीत, मस्त पोहता येतंय." थोड्या वेळानं बघतो तर त्याचं डोकं लांब. हात मारतोय किनाऱ्याकडं, आणि जातोय मागं मागं. पोहणारा माणूस असाच बुडतो, पाण्याशी भांडून. दोस्त लोक उड्या टाकायला निघाले. मी एकाला कॉलरला धरून मागं ओढला. हौसा चुलीजवळ होती. तिनं तेलाचा प्लास्टिकचा रिकामा कॅन उचलला, बूच लावलं आणि धावत जाऊन फेकला. पाणी बाहेरच चाललं होतं, कॅन आपोआप त्याच्याकडं गेला. त्यानं तो पोटाशी धरला आणि हातपाय मारायचे थांबवले. तेवढ्यात कोळीवाड्यातली होडी निघाली.

होडीवर धर्मा म्हणून एक म्हातारा तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. त्यानं किरणला वाळूत टाकलं आणि पोराच्या नाही, माझ्या कानाखाली काढायचं बाकी ठेवलं. "दरवर्षी माणसं घेऊन येतोस आणि तिथी बघत नाहीस?" मग त्यानं मला शिकवलं. शुद्ध असो की वद्य, तिथी धरायची आणि तिची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता पाणी पूर्ण भरतं. अष्टमी असली तर सहाला. थोडं मागंपुढं होतं. मग सहा तास पाणी उतरतं, त्या उतरत्या पाण्यात खाडीजवळ कोणी जायचं नाही. ओढीत सापडलाच तर किनाऱ्याकडं पोहायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहायचं, ओढ सुटली की बाहेर यायचं. नाही जमलं तर उताणं पडून हात हलवायचा. काठावरच्यानं उडी मारायची नाही, काहीतरी तरंगतं फेकायचं. एवढंच शास्त्र आहे. फळ्यावर लिहिलं तरी मावेल.

एक माणूस माझ्या गाडीचा गेला. दारू पिऊन, एकटाच पाण्यात उतरला होता, आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. त्याबद्दल मी लिहिणार नाही. त्याच्या घरी हा अंक जातो.

शास्त्र आलं, पण माणसं पाण्याबाहेर यायची कशी? हा खरा प्रश्न होता. मी ओरडायचो, ते हात हलवून दाखवायचे. शिट्टी आणली, तर पोरांनी तिच्यावर नाच केला. "अजून पाच मिनिटं" म्हणायचे आणि ती पाच मिनिटं संपायचीच नाहीत. पैसे भरलेले गिऱ्हाईक, त्याला हात धरून ओढता येत नाही. मी चिडून चिडून घसा बसवून घ्यायचो.

तोड काढली हौसानं. एकदा पाणी उतरायला लागलं होतं आणि कोणी ऐकेना. तिनं कढई चढवली आणि कांदाभजी सोडली. सकाळची वेळ. सकाळी वारा डोंगराकडून समुद्राकडं वाहतो, तो वास सरळ पाण्यातल्यांच्या नाकात. वर तिनं झारा कढईच्या काठावर वाजवला, टण टण टण. लोक असे बाहेर आले, जशी पोरं शाळेच्या घंटेला. ओल्या अंगानं रांग लावली!

त्या दिवसापासून तोच नेम झाला. दुपारी मात्र वारा उलटा होतो, समुद्राकडून येतो, वास गावाकडं जातो आणि गावातली कुत्री येतात. मग हौसा एका बाईच्या हातात भज्यांचं ताट द्यायची आणि म्हणायची, "जा, पाण्याच्या कडंकडंनं फिरून ये. देऊ नको कोणाला, नुसतं दाखव."

आणि मोजायचं नाही. मोजताना माणूस चुकतो, हलत्या डोक्यांत तर चुकतोच. ती ताटांवर चालायची. जितकी माणसं तितकी ताटं चुलीजवळ रचलेली. जो येईल त्यानं आपलं ताट उचलायचं. चळत संपली की सगळे बाहेर. ताट उरलं तर एक माणूस पाण्यात. मग मी तो कॅन घेऊन पळायचो. बहुतेक वेळा उरलेला माणूस झाडामागं लघवीला गेलेला असायचा, पण पळायचं.

मंगलच्या भजनी मंडळाची गाडी दरवर्षी रथसप्तमीला निघायची. मंगल माझी मेव्हणी, हौसाची धाकटी बहीण, विंचूरला दिलेली. सूर्याचा दिवस म्हणून समुद्रस्नान. ती सगळी बायकांची गाडी, त्यांनी आपापली नाव घातलेली ताटं हौसाकडंच ठेवलेली. एका पोत्यात ती ताटं, दुसऱ्या पोत्यात शेगडी, कढई, झारा. पोती गाडीत चढवणं माझं काम.

या वर्षी मी येणार नव्हतो. गाडी चालवायची तर सोडूनच कितीतरी दिवस झाले, आता संतोष नावाचा पोरगा चालवतो. पण मंगल दारात येऊन उभी राहिली.

"दाजी, चला."

"मी काय करू तिथं?"

"इथं काय करून राह्यले? भिंती मोजून राह्यले. ताई गेली म्हणून आमची सप्तमी बंद करायची का? तिनंच लावून दिलंय हे. तिनं सगळ्यांना नेलं तसं परत आणलं. आता कोण आणंल, तो संतोष? तो मोबाइल बघत बसतो."

मग मी निघालो. सकाळी सवयीनं दोन्ही पोती गाडीत चढवली. बेसन, कांदे, तेल, ओवा, दोर बांधलेला तो रिकामा कॅन, सगळं भरलं. मंगल हसली. "आवो, हॉटेलात नाष्टा हाय आता. बुफे. हे कशाला?"

"राहू दे," मी म्हणालो. तिनं राहू दिलं.

पूर्वी जिथं सुरूची बाग होती तिथं आता हॉटेलं. आमचं हॉटेल खाडीच्या तोंडालगतच बांधलेलं. खोलीतून पाणी दिसतं म्हणून भाडं जास्त. मी खिडकीतून बघितलं. उद्या ह्या बायका दार उघडून सरळ ह्याच पाण्यात उतरणार. खोलीत बसवेना. काठी घेतली आणि दुपारीच किनाऱ्यानं चालायला लागलो. उतरायला बरी जागा शोधायची होती.

शेजारच्या हॉटेलात पोहायचा तलाव होता. पाणी कमरेएवढं. कडेला शिट्टी गळ्यात घालून एक मुलगा खुर्चीवर, आणि पाटी, पोहण्याचा पोशाख सक्तीचा. भिंतीपलीकडं अख्खा समुद्र, त्याला ना शिट्टी ना पाटी. पुढं लाल झेंडा लावलेला होता, म्हणजे कोणाला तरी अक्कल होती. पण त्या काठीवर एका गिऱ्हाइकानं ओला टॉवेल वाळत घातलेला. झेंडा झाकून गेला. मी टॉवेल काढून वाळूत ठेवला. तो माणूस हॉटेलच्या गच्चीवरून ओरडला, "ओ आजोबा, चोरी करताय काय?" मी म्हणालो, "खाली या, सांगतो." तो आला नाही. मी पुढं गेलो तेव्हा वळून बघितलं, टॉवेल पुन्हा झेंड्यावर.

मग घोडागाड्या, बर्फगोळेवाले, एका हॉटेलची गाणी दुसऱ्या हॉटेलच्या गाण्यांवर आदळत होती. एका ठिकाणी खडकावर खुर्च्या मांडलेल्या, लोक फोटो काढत होते. भरतीला त्या खडकाच्या मागून पाणी भरतं आणि खडकाचं बेट होतं. मी तिथल्या वेटरला सांगितलं. तो म्हणाला, "काका, पाणी आलं की आम्ही खुर्च्या उचलतो." माणसांचं त्यानं काही सांगितलं नाही.

कोळीवाड्यात धर्मा तांडेलाची चौकशी केली. तोही राहिला नव्हता. त्याच्या सुनेनं बोंबील वाळत घालता घालता मला ओळखलं. म्हणाली, "भजीवालीचा नवरा ना तू? ती नाय आली?"

मी म्हणालो, "नाही आली." आणि चालू लागलो.

सगळ्यात टोकाला थोडे सुरू उरलेले होते. तिथं वाळू सपाट, लाटा लांबून हळूहळू फुटत येत होत्या, गावातली पोरं खेळत होती. पोरं खेळतात ती जागा बरी. मी एका झाडाला माझा पंचा बांधला, खूण म्हणून, आणि परत फिरलो.

बायकांना जमवून सांगितलं. उद्या सप्तमी. सातची पाऊणपट सव्वापाच. सूर्य वर येईपर्यंत पाणी जोरात उतरायला लागलेलं असेल. हॉटेलापुढं उतरायचं नाही. चहा घेऊन सगळ्यांनी सुरूपाशी चालत जायचं.

भागाकाकू मंडळात वयानं सगळ्यात थोर. त्या म्हणाल्या, "नाना, माझ्या गुडघ्यांना एवढं चालवंल का? आन् इथलं पाणी तर किती गरीब दिसतंय."

"गरीब दिसतंय म्हणूनच सांगतो, काकू."

"बघू सकाळी," मंगल म्हणाली.

सकाळी मी आणि संतोषनं बसच्या मागं शेगडी मांडली. हॉटेलचा चहा म्हणजे गरम पाण्यात दोरा लावलेली पुडी. पातेलं ठेवलं, साखर टाकली आणि मागं वळून बघतो तर बायका पाण्यात. उजाडताना कोणीतरी "सूर्य आला, सूर्य आला" म्हणालं असेल आणि सगळ्या जवळच्या वाटेनं उतरल्या. खाडीच्या तोंडाशी. कमरेएवढ्या पाण्यात ओळीनं उभ्या, तोंड गावाकडं, पाठ समुद्राकडं, ओंजळीत पाणी. भागाकाकू हातात तांब्या धरून सूर्याचं एकेक नाव घेत होत्या आणि एका नावाला सगळ्या एक बुडी मारत होत्या.

मंगलनं मला बघून हात केला. "दाजी, या! गंगाच हाय ही!"

कडेला त्यांनी पानाच्या द्रोणातून दिवे सोडले होते, आपण कुंडावर सोडतो तसे. ते दिवे मी बघितले. कुंडावर दिवा गोल गोल फिरत राहतो. हे दिवे सुसाट चालले होते, एका ओळीत, सरळ समुद्राकडं. एक बाई आनंदानं म्हणाली, "बघा गं, देवानं कसे घेतले!"

मी गुडघ्याएवढ्या पाण्यात गेलो. पायाखालची वाळू सरकत होती. ओरडलो, "पाणी ओढतंय! बाहेर या!" माझा आवाज आता पूर्वीचा नाही. त्यांनी मला पाणी उडवलं.

"नाना, आत्ता कुठं तिसरं नाव झालं," भागाकाकू म्हणाल्या. "बारा व्हायची हायत."

हॉटेलचा वॉचमन आला, त्यानं शिट्टी मारली. मंगल खवळली. "ए, शिट्टी कोणाला मारतो रं बायकांना? घरी आया-बहिणी नायत का तुला?" वॉचमन बिचारा मागं सरला. आणि सगळ्या जणी हसत हसत आणखी दोन पावलं मागं गेल्या. मागं म्हणजे आत.

मी आणखी पुढं गेलो असतो तर त्या आणखी मागं गेल्या असत्या, आणि पडलो असतो तर मला धरायला सगळ्या धावल्या असत्या. मी वळलो. संतोषच्या हातात दोर बांधलेला कॅन दिला आणि म्हणालो, "दिवे गेले त्या बाजूला उभा राहा. मोबाइल वाळूत टाक. कोणाचा पाय सुटला की फेक, उडी मारू नको." पोरगा गेला. पांढराफटक पडला होता, पण गेला.

चहाचं पातेलं उतरवलं आणि कढई चढवली. मी आयुष्यात कधी भजी तळली नव्हती. बसचं इंजिन खोललं असेल, कांदा कधी चिरला नव्हता. कसा चिरला ते विचारू नका. बेसन, मीठ, ओवा मुठीनं टाकलं. तेल तापलं की नाही ते बघायला एक भजं सोडायचं असतं, एवढं बघून माहीत होतं. मी सगळीच सोडली. धूर झाला. वारा डोंगराकडून होता.

पाचवं नाव झालं, सहावं झालं. कोणी वळेना. भागाकाकूंचा तोल गेला, शेजारणीनं दंडाला धरलं, दोघी हसल्या. मग आठवलं, काय राहिलं ते. झारा उचलला आणि कढईच्या काठावर वाजवला. टण टण टण.

सातवं नाव आलंच नाही.

मंगलनं डोळे उघडले आणि माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं नाही, शेगडीकडं. मग तिनं भागाकाकूंचा हात धरला आणि म्हणाली, "चला गं. ताईनं बोलावलंय."

त्या आल्या. एकमेकींचे हात धरून आल्या, कारण पाणी आता सोडत नव्हतं. शेवटच्या दोघींच्या पायाखालची वाळू निघाली आणि भागाकाकू खाली बसल्याच पाण्यात. संतोषनं कॅन फेकला, तो त्यांच्या मांडीवर पडला. काकूंनी कॅन धरला, बायकांनी काकूंना धरलं, संतोषनं दोर ओढला. अशी ती सगळी माळ वाळूवर आली. काकूंचा तांब्या सुटला होता. तो एकटा समुद्राकडं चालला होता, दिव्यांच्या मागं. सगळ्या त्याच्याकडं बघत होत्या.

मंगल आधी कढईपाशी आली. "दाजी, तेल जाळलं! आन् हा कांदा चिरलाय का तोडलाय?"

"खा गुपचूप," मी म्हणालो.

पोत्यातून ताटं काढून मी चळत रचली होती. एकेक जण आली, आपलं ताट उचललं, मी भजी टाकली. ओल्या लुगड्यांनी कुडकुडत होत्या, खात होत्या. चळत खाली खाली आली. आणि एक ताट उरलं.

मी झारा टाकला. वाळूतला कॅन उचलला आणि पाण्याकडं पळालो. गुडघे म्हणत होते नको, मी पळालो. "कोण राहिलं? कोण राहिलं गं?" ओरडत होतो. पाण्यावर काहीच दिसेना. मागं कोणी हलेना, सगळ्या हातात ताटं धरून उभ्या. मला त्यांचा राग आला. एक बाई पाण्यात राहिलीये आणि ह्या उभ्या?

मंगल माझ्यामागं आली. ते ताट तिच्या हातात होतं. "दाजी," म्हणाली, "नाव वाचा."

ताटाच्या काठावर टोचलेली अक्षरं, घासून घासून पुसट झालेली. मला वाचायला वेळ लागतो. सौ. हौसा.

पोतं नेहमीसारखं चढवलं होतं ना मी. नेहमीसारखं.

मंगलनं कॅन माझ्या हातातून घेतला आणि ताट दिलं. बायकांतली एक भागाकाकूंच्या अंगावर कोरडी शाल टाकत होती. संतोष वाळूत आपला मोबाइल शोधत होता. सगळे होते. मी शेगडीपाशी गेलो, त्या ताटात भजी घेतली. बाहेरून काळी, आतून कच्ची. तशीच सगळ्यांनी खाल्ली होती आणि एकीनंही टाकली नव्हती.

मी ताट घेऊन पाण्याच्या कडेला गेलो. वाळूत बसलो, समुद्राकडं तोंड करून, आणि ताट रिकामं होईपर्यंत उठलो नाही.